सीलबंद सरबत

लाखेसाहेबांचं आडनाव लाखे नव्हतं. अन्नतपासणीच्या कचेरीत नमुन्यांच्या बाटल्यांवर लाख ओतून शिक्का मारण्याचं काम ते अठ्ठावीस वर्षं करत होते, म्हणून कोणीतरी एकदा त्यांना गमतीनं 'लाखे' म्हणालं आणि ते नाव लाखेसारखंच चिकटलं. खरं आडनाव पगारपत्रकात होतं आणि तिथे ते सुखानं नांदत होतं. या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी लावलेलं एकही सील परवानगीवाचून तुटलेलं नव्हतं, हे ते स्वतः कधी कोणाला सांगत नसत. समोरच्यानं विचारेपर्यंत फक्त विषय त्या दिशेला नेत राहत.

अशा माणसानं एकशेवीस लोकांसाठी सरबत करण्याचा विडा उचलला, तो एका रविवारी सकाळी. बायको शाळेत शिक्षिका होती. पाचवीच्या वह्या तपासता तपासता ती म्हणाली, "शनिवारी माझा निरोपसमारंभ आहे. उन्हाळा फार आहे म्हणून थंड काहीतरी बाहेरून मागवणार आहेत."

"बाहेरून कशाला?" लाखेसाहेब पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "मी करतो."

तिचं लाल पेन थांबलं. "तुम्ही?"

"मी."

"अहो, एकशेवीस माणसं आहेत."

"असू देत. आमच्याकडे महिन्याला चारशे नमुने येतात."

नमुने येणं आणि सरबत करणं यांचा परस्पर संबंध काय, हे तिनं विचारलं नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत ती एक गोष्ट शिकली होती, की उत्तर चुकलेलं असलं तरी मुलानं हात वर केला याचं आधी कौतुक करावं. "बरं," ती म्हणाली आणि पुढची वही उघडली.

खरी गोष्ट अशी होती, की या एकतीस वर्षांत लाखेसाहेब तिच्या शाळेची पायरी एकदाही चढले नव्हते. दर स्नेहसंमेलनाला ते निघायचे आणि दर वेळी कुठल्या तरी तेलाचे नाहीतर दुधाचे नमुने यायचे. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. पण आता ती शाळाच संपणार म्हटल्यावर लाखेसाहेबांना आतून फार वाईट वाटलं, आणि निदान शेवटच्या दिवशी तिथल्या टेबलावर आपल्या हातचं काहीतरी असावं असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. सरबतच का, तर लाख वितळवण्यापलीकडे त्यांना विस्तवावरचं काहीच येत नव्हतं आणि सरबताला विस्तव लागत नाही.

कृती त्यांनी साडूला फोन करून घेतली. साडू हा जगातली प्रत्येक गोष्ट आधीच करून बसलेला गृहस्थ होता. "सोप्पं आहे," तो म्हणाला. "दहा माणसांना एक अननस, सहा संत्री, पुदिन्याची एक जुडी, बोटभर आलं, साखर अंदाजानं."

"अंदाजानं म्हणजे किती ग्रॅम?"

"अहो, अंदाजानं म्हणजे अंदाजानं."

लाखेसाहेबांनी वहीत 'साखर' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह केलं आणि बाकी सगळ्याला बारानं गुणलं. भाजीवालीकडे जाऊन त्यांनी पुदिन्याच्या बारा जुड्या मागितल्या तेव्हा ती म्हणाली, "काका, खानावळ काढली का?" नाही म्हटल्यावर तिनं बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि एक जुडी वर घातली. माणूस अडचणीत आहे हे भाजीवालीला सगळ्यांच्या आधी कळतं.

बारा अननस, बहात्तर संत्री आणि तेरा जुड्या जिन्यातून वर गेल्या तेव्हा शेजाऱ्यांना कळवण्याची वेगळी गरज उरली नाही. पहिले आले खालच्या मजल्यावरचे कंपाउंडर. त्यांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण औषधं घोटण्याची हाताची सवय गेली नव्हती आणि सल्ला देण्याची तोंडाची.

"आजचं आज करून चालणार नाही," त्यांनी संत्र्याची फोड तोंडात टाकत निदान केलं. "अर्क उतरला पाहिजे. फळ, साखर, पाला सगळं बरणीत घालायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि दोन दिवस उन्हात ठेवायचं. मग गाळायचं. समारंभाच्या दिवशी एकास चार पाणी. गुण येणारच."

"गुण नकोय हो, चव हवीय."

"गुणामागोमाग चव येते," कंपाउंडर म्हणाले. त्यांच्या हातचं औषध घेतलेल्या माणसाला हे पटणं कठीण होतं.

त्यांच्या मागोमाग समोरच्या वहिनी डोकावल्या. त्यांचं म्हणणं असं, की उन्हाळ्यात घशाला आलं हवं, आणि बोटभर म्हणजे कोणाचं बोट ते साडूंना विचारलं का? लाखेसाहेबांनी विचारलं नव्हतं. या एका प्रश्नानं त्यांचा आत्मविश्वास असा ढासळला, की वहिनी सांगतील तेवढं आलं त्यांनी मुकाट्यानं किसलं. वहिनींनी ते पाहून "अजून थोडं" म्हटलं. त्या गेल्यावर कंपाउंडरांनी, मघाशी ते बोलले नव्हते म्हणून, "थोडं अजून" म्हटलं.

मंगळवार संध्याकाळपर्यंत बारा बरण्या गच्चीवर उन्हात उभ्या होत्या. पुदिना आधी काळा पडला, मग तळाशी गेला आणि मग पुन्हा वर आला. रंग असा आला होता की त्याला नेमकं नाव देता येईना. बायकोनं गच्चीवर येऊन एक बरणी उचलून उजेडात धरली.

"हे बुडबुडे कसले?"

"मुरतंय," लाखेसाहेब म्हणाले. हा शब्द त्यांनी कंपाउंडरांकडून त्याच दुपारी घेतला होता.

"छान," ती म्हणाली आणि बरणी अगदी हळू खाली ठेवली.

बुधवारी गाळणं झालं, बरण्यांना झाकणं लागली आणि सगळं सुरळीत पार पडणार असं वाटत असतानाच तिच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. मुख्याध्यापक हे कागदाला घाबरणारे होते. म्हणजे असलेल्या कागदाला नव्हे, नसलेल्या कागदाला. कुठला तरी कागद आपल्याकडे नाही आणि तो एक दिवस कोणीतरी मागेल, या विचारानं त्यांना रात्रीची झोप नसे.

"लाखेसाहेब, घरगुती पेय म्हणजे आनंदच आहे. पण बाईंकडून ऐकलं, की त्यात बुडबुडे येतात. शाळेचं आवार आहे हो. उद्या कोणी म्हणालं, आत काय होतं? तुम्ही तर त्याच कचेरीतले. एक साधंसं पत्र आणा, की यात मद्यार्क नाही. बस्स. म्हणजे आम्ही मोकळे, तुम्ही मोकळे."

एखाद्याला या मागणीचा राग आला असता. लाखेसाहेबांना ती वाजवी वाटली, एवढंच नव्हे तर थोडा अभिमानही वाटला. गुरुवारी सकाळी एका बरणीतलं चार बाटल्यांत काढून ते कचेरीत गेले आणि साहेबांच्या खोलीत उभे राहिले. साहेब म्हणजे मॅडम होत्या, वयानं त्यांच्या मुलीएवढ्या.

"एवढंच ना?" मॅडम हसून म्हणाल्या. "आत्ता दोन ओळी लिहून देते. तुमच्या घरच्या सरबतात काय असणार?"

लाखेसाहेबांचा चेहरा पडला. "मॅडम, नमुना न तपासता?"

"अहो, तुमच्यावर विश्वास आहे."

"माझ्यावर असेल. सरबताची अजून तपासणी व्हायचीय."

मॅडमनी उचललेलं पेन परत ठेवलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण त्यांनी लगेच घंटी वाजवून आवक नोंदवही मागवली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. रीतसरच होऊ दे. नमुना, नोंद, साठा, सगळं नियमानं करून घ्या." असं म्हणून त्या कसल्याशा बैठकीला निघून गेल्या. चालून आलेला दाखला आपण हातानं परत पाठवला, हे लाखेसाहेबांच्या गावीही नव्हतं. त्या दिवशी ते कचेरीत छाती पुढे काढून वावरले.

रीतसर काम त्यांना डोळे मिटून येत होतं, आणि त्यांनी ते तसंच केलं. चार बाटल्या, चार चिठ्ठ्या, चार सीलं. आवक क्रमांक पडला. आता राहिला साठा. नमुना घेतल्यावर उरलेला माल जागेवर सीलबंद करायचा आणि अहवाल येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असा नियम आहे. या कामाकरता पितळी शिक्का कचेरीबाहेर नेता येतो. लाखेसाहेबांनी वहीत सही केली, शिक्का, लाखेच्या कांड्या आणि स्पिरिटचा दिवा पिशवीत घातला आणि घर गाठलं.

स्वयंपाकघरात ओट्याजवळ स्टूल घेऊन ते बसले. बरणीच्या गळ्याला दोरा, दोऱ्याला गाठ, गाठीवर लाल लाख, लाखेवर शिक्का. मग फुंकर. मग पुढची बरणी. काम असं जमून आलं होतं की ते चक्क गुणगुणत होते. बारावी बरणी झाली तेव्हा बायको पाणी प्यायला आत आली. ओट्यावर ओळीनं मांडलेल्या लाल गळ्यांच्या बरण्या तिनं पाहिल्या.

"सुंदर दिसताहेत," ती म्हणाली. मनापासून म्हणाली.

"हं," लाखेसाहेब म्हणाले.

"पण मग शनिवारी ओतणार कशा?"

दिव्याची वात तेवढी फरफरत होती. लाखेसाहेब पहिल्या बरणीपासून बाराव्या बरणीपर्यंत आणि बाराव्या बरणीपासून पहिल्या बरणीपर्यंत बघत गेले. स्वतःच्या बायकोचं सरबत त्यांनी स्वतःच्या हातानं सरकारजमा केलं होतं.

"शेवटची अजून ओली असेल," ती म्हणाली. "पुसून टाका."

"ओलं असलं तरी सील आहे ते."

"कोणाला कळणार आहे?"

लाखेसाहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिनं तो विषय तिथेच सोडला. मग त्यांनीच स्वतःची समजूत घातली. अहवालाला चौदा दिवस लागतात हे खरं, पण तातडीची तपासणी म्हणून एक प्रकार असतो. मॅडमची सही झाली की दोन तासांत निकाल. उद्या शुक्रवार. मॅडम सही करतील, सीलं उघडायची परवानगी देतील, शनिवारी सरबत. यात कसली अडचण?

अडचण शुक्रवारी सकाळी त्यांच्याच टेबलावर पेपरवेटखाली होती. मॅडम तीन दिवस रजेवर गेल्या होत्या आणि त्यांचा कार्यभार सर्वांत ज्येष्ठ कर्मचाऱ्याकडे, म्हणजे लाखेसाहेबांकडे, दिला होता.

दुसरा कोणी असता तर देव पावला म्हणाला असता. लाखेसाहेबांना घाम फुटला. तासभर विचार करून त्यांनी कोरा कागद घेतला आणि 'माननीय प्रभारी अधिकारी यांस' असा मायना घालून तातडीच्या तपासणीसाठी सविस्तर अर्ज लिहिला. खाली अर्जदार म्हणून सही केली. उठून अर्ज आवकमध्ये नोंदवला. मग मॅडमच्या खोलीत गेले, खुर्चीत अगदी टोकावर बसले आणि चष्मा पुसून अर्ज वाचायला घेतला.

अर्ज चांगला होता. भाषा नम्र होती. वाचताना अर्जदाराबद्दल त्यांना सहानुभूतीही वाटली. पण तातडी सिद्ध करणारं एकही कागदपत्र अर्जासोबत जोडलेलं नव्हतं, आणि अर्जदार याच कचेरीतला असल्यामुळे त्याला झुकतं माप दिल्याचा आरोप होण्यास वाव होता. लाखेसाहेबांनी लाल शाईनं शेरा मारला: 'नामंजूर.' मग आपल्या टेबलाशी परत येऊन त्यांनी तो शेरा वाचला, आणि त्यांना तो फार लागला. इतक्या वर्षांच्या चोख नोकरीचं हेच फळ, असं त्यांच्या मनात आलं. दुपारचा डबा त्यांनी अर्धाच खाल्ला. प्रभारी अधिकाऱ्याशी त्या दिवशी ते मनातल्या मनातसुद्धा बोलले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. फक्त अर्ज नामंजूर झाल्याचं आलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला.

"काही बिघडत नाही," ती म्हणाली. "लिंबं आणू. थोडा पुदिना उरलाय ना? थंड पाण्यात घालू. पाण्याला तर दाखला लागत नाही?"

मुख्याध्यापकांना फोन लावून विचारण्यात आलं. त्यांनी बराच वेळ घेऊन, पाण्याला लागत नसावा असं मत दिलं.

शनिवारी सकाळी बरण्यांमधून बारीक सूंऽ असा आवाज येऊ लागला. कंपाउंडरांनी एकेक झाकण बोटानं वाजवून पाहिलं आणि आतला दाब वाढतोय, त्या मोकळ्या करा असं सांगितलं. लाखेसाहेब म्हणाले, परवानगी नाही. मग सीलबंद साठा घरात एकटा सोडायचा कसा, असा नवा प्रश्न उभा राहिला, आणि शेवटी बाराही बरण्या जुन्या चादरींत गुंडाळून रिक्षानं शाळेत नेण्यात आल्या. रिक्षावाल्यानं तो आवाज ऐकून गाडी सबंध रस्ता पहिल्या गिअरमध्ये चालवली.

लाखेसाहेबांनी शाळा पहिल्यांदा पाहिली. लांब व्हरांडा, शाईचे डाग पडलेले बाक, आणि हॉलच्या दारात ओळीनं उभे असलेले, टक्कल पडू लागलेले विद्यार्थी. पांढऱ्या चादरीच्या टेबलावर त्यांनी बरण्या मांडल्या आणि शेजारी पाण्याची दोन पिंपं. सुटी लागल्यामुळे शाळेचे नळ बंद होते, म्हणून पाणी आणि बर्फ विकतच आणला होता. लाखेसाहेब प्रत्येक ग्लासात लिंबाची एक चकती आणि पुदिन्याची दोन पानं मोजून टाकत होते. लोक ग्लास घ्यायचे आणि बरण्या बघायला थांबायचे.

"प्रयोगशाळेतल्या का हो?" एका गृहस्थानं तळाशी बसलेल्या काळपट गाळाकडे निरखून पाहत विचारलं. "आमच्या वेळी बेडूक होता. हा कोण?"

"अननस," लाखेसाहेब म्हणाले. गृहस्थ आदरानं मागे सरले.

पाणी मात्र लोकांना बेहद्द आवडलं. ऊन असं होतं की प्रत्येकानं दोन-दोन, तीन-तीन ग्लास घेतले. "काय चव आहे! कसं केलंत?" असं समारंभाला आलेल्या समोरच्या वहिनींनी दोनदा विचारलं. लाखेसाहेबांना या कौतुकाचं काय करावं ते कळेना. चार दिवसांचे कष्ट आणि अर्धा किलो आलं शेजारी बंद बरण्यांत सूंऽ सूंऽ करत होतं, आणि लोक पाण्याला नावाजत होते.

भाषणं झाली. मुख्याध्यापक पाऊण तास बोलले. मग ती बोलली. लाखेसाहेबांनी तिला असं उभं राहून बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ती हसवत होती, मध्येच एखाद्या टक्कलवाल्याला नावानं हाक मारून पाढा विचारत होती, आणि तो उठून म्हणत होता. इतकी वर्षं आपण नमुने कसले तपासत बसलो, असं त्यांना वाटलं. त्यानंतर तासभर लोक तिला भेटत होते, पाया पडत होते, पोरं दाखवत होते. ती प्रत्येकाशी बोलत होती.

हॉल रिकामा होत आला तेव्हा ती टेबलाशी आली. आवाज पार बसला होता. ओठ सुकले होते.

"मला उरलंय का हो थोडं?"

लाखेसाहेबांनी पिंप कलतं केलं. दुसरंही केलं. बर्फसुद्धा संपला होता. तळाशी पुदिन्याचं एक पान चिकटलेलं होतं.

"राहू दे," ती म्हणाली. "घरी गेल्यावर पिईन."

एकतीस वर्षं ती शाळेतून दमून यायची आणि स्वतःच्या हातानं ओतून प्यायची. कधी कोणाजवळ मागितलं नव्हतं. आज पहिल्यांदा मागितलं, आणि एकशेवीस माणसांना पाणी पाजलेल्या माणसाकडे तिला द्यायला घोटभर नव्हतं. लाखेसाहेबांनी बरण्यांकडे पाहिलं. तिनं त्यांच्या पाहण्याकडे पाहिलं.

"अहो, नको. आता कुठे जायचंय मला? चौदा दिवसांनी अहवाल आला की दोघं मिळून पिऊ."

ती असं म्हणाली नसती तर कदाचित ते थांबले असते. त्यांनी जवळची बरणी पुढे ओढली, अंगठा सीलखाली घातला आणि दाबला. टक् असा बारीक आवाज झाला. अठ्ठावीस वर्षांत लाख तुटताना कसा आवाज होतो हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

पुढचा आवाज मात्र सगळ्या हॉलनं ऐकला. झाकण उडालं, सरबताचा फवारा उठला आणि निघायच्या तयारीत असलेल्या मुख्याध्यापकांचा सदरा आणि त्यांच्या हातातलं भाषण दोन्ही भिजलं. मुख्याध्यापकांनी आधी भाषण झटकलं, कारण तो कागद होता.

बरणीत अर्धं उरलं होतं. लाखेसाहेबांनी ग्लास भरून तिच्यापुढे धरला. त्यात मिसळायला पाणी नव्हतं. तिनं एक मोठा घोट घेतला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आलं जास्त झालंय," ती म्हणाली, आणि ग्लास रिकामा करून पुन्हा पुढे केला.

चौदा दिवसांनी अहवाल आला. मद्यार्क आढळला नाही. चवीचा रकाना त्या अहवालात नसतो. अहवालासोबत साठ्याची पडताळणी करायची असते, ती लाखेसाहेबांनी स्वतः केली आणि मॅडमपुढे कागद ठेवला: सीलं बारा, शाबूत अकरा, तुटलेलं एक. मॅडमनी तो वाचला, हसू दाबत दुसरीकडे सरकवला आणि म्हणाल्या, "राहू द्या हो लाखेसाहेब."

"नाही मॅडम. खुलासा मागवावा लागतो."

मग मॅडमनी तो मागवला. आपल्या टेबलाशी जाऊन लाखेसाहेबांनी खुलाशाचा छापील कागद घेतला. सील कोणी तोडले, या प्रश्नापुढे स्वच्छ अक्षरात स्वतःचं खरं आडनाव लिहिलं. कोणाच्या परवानगीने, यापुढे 'परवानगी नव्हती' असं लिहिलं. कारण लिहायला मात्र त्यांना बराच वेळ लागला. टाक दौतीत बुडवून दोनदा वाळला. अखेर त्यांनी लिहिलं, वाचून पाहिलं, एकही शब्द खोडला नाही आणि खाली तारीख घातली:

'पत्नीस तहान लागली होती.'